अठराव्या सभेतली सही

१

दादाने किंकाळी फोडली तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ओरडायच्या आधी त्याने सवयीने मनगटाकडे बघितलं होतं. बसच्या आगारात चौतीस वर्षं वेळापत्रकं बनवलेला माणूस तो. घराला आग लागली तरी आधी किती वाजता लागली ते बघेल.

त्याची धाकटी बहीण तोंडात ब्रश तसाच धरून रिसॉर्टच्या खोलीतल्या न्हाणीघरातून धावत आली. विमा कंपनीत तिने उभी हयात दाव्यांची तपासणी करण्यात घालवली होती. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, जिन्यावरून 'आपोआप' पडलेले नवरे, सगळ्यांची शहानिशा करून ती निवृत्त झाली होती. कचेरीत तिला पंचनामेबाई म्हणत, आणि आता भावाच्या घरीही तेच नाव रुळलं होतं.

दादा पलंगाच्या कडेवर बसला होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. मांडीवर एक लाल फाइल उघडी पडली होती.

"दाराखालून सरकवली कोणीतरी," तो म्हणाला. "वाच. मोठ्याने वाच. मला वाटतं माझं डोकं फिरलंय."

तिने वाचलं. 'अभिनंदन! आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे.' या रिसॉर्टचं टाइमशेअर सभासदत्व, वर्षाचा एक आठवडा, पुढची पंचवीस वर्षं. प्रवेशाची पूर्ण रक्कम शुक्रवारी कार्डावरून जमा. खाली दोन सह्या, एक दादाची आणि एक वहिनीची.

"ही सही माझीच आहे गं," दादा म्हणाला. "शेपटी बघ, तीच. पण मी केलेली नाही! एकोणीस सभांना बसलो, एका करारावर कधी सही केली नाही!"

"आणि रक्कम कुठल्या खात्यातली?"

दादाने मान वळवली. बाल्कनीच्या दारात वहिनी उभी होती, हातात तिची ती जाडजूड, जागोजागी कोपरे दुमडलेली कादंबरी. उत्तर तिनेच दिलं. "माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचं खातं. दुसरं कुठलं आहे?"

पुढच्या महिन्यात वहिनीच्या दोन्ही गुडघ्यांची तारीख ठरलेली होती. दोन वर्षं वाट बघून मिळालेली तारीख.

तिने भराभरा पानं उलटली. फाइल अकराव्या पानावर सहज उघडली, कारण त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. नेमकं हवं होतं तेच कलम. सही झाल्यापासून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत करार रद्द करता येईल. मात्र सोबतच्या मूळ अर्जावर सही करणाऱ्या दोघांच्याही सह्या हव्यात. अर्ज बाराव्या पानावर.

शुक्रवार, शनिवार, रविवार. आज तिसरा दिवस.

"वाचलो!" असं म्हणत तिने पान उलटलं आणि तिचा हात तिथेच थांबला. बारावं पान नव्हतं. शिलाईपाशी कागदाची एक बारीक पट्टी तेवढी उरली होती. कोणीतरी फूटपट्टी धरून फाडावं इतक्या सफाईने ते काढून घेतलं होतं.

२

दादाची पद्धत समजल्याशिवाय हे प्रकरण समजायचं नाही.

जगात काही माणसं तिकिटं जमवतात, काही नाणी. दादा सभा जमवायचा. रिसॉर्टवाले जोडप्यांना बोलावतात, दोन तास कान खातात, सभासद व्हा म्हणून गळ घालतात, आणि ऐकून घेतल्याबद्दल दोन-तीन रात्री फुकट राहायला देतात. अट एकच, नवरा-बायको दोघांनी हजर राहायचं. लाजेखातर सही करून लोक फसतात. दादा लाजेच्या पलीकडे गेलेला. फुकट ते पौष्टिक, हा त्याचा मंत्र. घरात स्टीलच्या बाटल्या, प्रवासी बॅगा आणि छत्र्या यांचा ढीग पडला होता. या खेपेला खोलीत तिसरी गादी मिळते म्हटल्यावर त्याने बहिणीलाही आणलं होतं, आणि तीही आली होती. उगाच सोवळेपणा कशाला?

"पहिला नियम," दादा बोटांवर मोजत सांगत होता, "चष्मा खोलीत ठेवून जायचं. चष्म्याशिवाय मला जवळचं अक्षर दिसत नाही, मग कागद पुढे आला की म्हणायचं, 'अरेरे, चष्मा विसरलो, वाचल्याशिवाय सही कशी करू?' दुसरा नियम, मी हुरळल्यासारखं करायचं. म्हणजे ते खूश, खाणं-पिणं चांगलं. तिसरा नियम, शेवटी ते हिला विचारतात, 'मॅडम, तुम्हाला काय वाटतं?' आणि ही नाही म्हणते. बायको नाही म्हणाली की त्यांचे हात टेकतात. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही."

"शुक्रवारी नाही म्हणाली?"

"म्हणाली असणारच. मी दुसऱ्यांदा बशी भरायला गेलो होतो. परत आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. काल पलीकडच्या हॉटेलातल्या सभेतही कशी ठसक्यात नाही म्हणाली! एकोणिसावी सभा. बॅग मिळाली."

पंचनामेबाईने डोळे मिटले. समुद्रकाठी तीन दिवसांची सहल, आणि त्यातल्या दोन सकाळी हॉलमध्ये.

"शुक्रवारी तू कशावरच सही केली नाहीस?"

"गिफ्टच्या पावत्यांवर केली की. खिडकीशी उभ्याउभ्या. तीन सह्या."

"पावत्या आहेत असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं? गिफ्टच्या खिडकीशी माणूस आणखी कशावर सही करणार?" दादा चिडला. "तू मला काय विचारत बसलीस? त्या गोडबोल्याला धर! आल्या दिवशी अनामत म्हणून आपलं कार्ड घेतलं यांनी. नंबर उतरवून घेतला असणार!"

"बँकेचा मेसेज आला असेल ना?"

"तो हिच्या फोनवर येतो. आणि ही फोन बघते कधी?"

पंचनामेबाईने वहिनीकडे वळून बघितलं. "वहिनी, खालची सही तुमचीच?"

"आहे खरी माझी," वहिनी कादंबरीतून मान वर न करता म्हणाली. "त्या दिवशी किती कागद पुढे येत होते, वन्सं."

३

गोडबोल्या म्हणजे त्यांना शुक्रवारी पटवायला बसलेला विक्रेता. त्याच्या बोलण्यात साखर इतकी, की चहा बिनसाखरेचा चालला असता. पण फाइल बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"फसवणूक? मॅडम, देवाशपथ नाही! साहेबांनी स्वतः सह्या केल्या. मी दोन पावलं मागे उभा होतो. कागदाला बोटसुद्धा लावलं नाही!"

"आणि करारात काय लिहिलंय ते वाचून कोणी दाखवलं?"

"सगळं वाचून झालं होतं, मॅडम. शेवटच्या ओळीपर्यंत. इतकं बारकाईने वाचलेलं मी कधी..." तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो पायाला पाय लावून पळाला. फोन वाजला नसता तरी पळालाच असता.

गिफ्टच्या खिडकीत एक जाड भिंगांचा चष्मा घातलेली बाई बाटल्या मोजत बसली होती. तिने वही पुढे केली. शुक्रवार, दादाचं नाव, स्टीलच्या बाटल्यांचा एक संच, एक सही.

"एकच?"

"एका गिफ्टला एकच सही असते. तीन कशाला घेऊ? माझ्या वहीत जागा कुठे आहे?"

पंचनामेबाईने वही परत केली. पावतीची सही एक. मग उरलेल्या दोन? तिने फाइल उघडली. दादाची सही दोन ठिकाणी होती, पहिल्या पानावर आणि दहाव्या पानावर. दोन्ही छापील रेघेच्या जरा वर तरंगत होत्या, रेघ न दिसलेल्या माणसाने केल्यासारख्या.

म्हणजे सह्या खोट्या नव्हत्या, दादाच करून बसला होता.

"अजून एक विचारू?" ती म्हणाली. "कोणी सभासद झालं की इथे घंटा वाजवतात ना? आमच्या खोलीपर्यंत ऐकू येते."

"वाजवतात तर. माझं डोकं उठतं." बाईने मागच्या फळ्याकडे अंगठा दाखवला. "शुक्रवारी मात्र विक्री झाली चार आणि घंटा वाजली तीनदा. चौथ्या वेळी हात दोरीपर्यंत गेला होता, पण गिऱ्हाईकाने नको म्हटलं. एका बाईचं डोकं दुखत होतं म्हणे."

४

कार्यालयातला व्यवस्थापक सभ्य होता, आणि सभ्य माणसाशी भांडताही येत नाही. मूळ अर्ज फाइलमध्येच असतो, तो म्हणाला. दुसरी प्रत मुख्य कचेरीतून येते, चार दिवस लागतात. मुदत मात्र आज पाचला संपते. पाचला मी कुलूप लावतो.

दुपारचे तीन वाजले होते. पंचनामेबाई जिन्याच्या पायरीवर बसली. मघापासून एक गोष्ट तिला टोचत होती, आणि टोचत होती ती फाइलची सगळ्यात सोयीची गोष्ट. ते अकरावं पान.

नवी कोरी फाइल. कार्यालयातून शिक्के मारून आलेली, दाराखालून सरकवलेली, आणि आधी उघडली ती दादाने, तीही पहिल्याच पानावर. मग अकराव्या पानाचा कोपरा कोणी दुमडला? विक्रेता दुमडेल? रद्द कसं करायचं ते कलम गिऱ्हाइकाला पटकन सापडावं म्हणून? कोणता कसाई बकऱ्याला दार उघडून देतो?

ज्याने कोपरा दुमडला त्याने करार शुक्रवारीच वाचला होता, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि त्यालाच त्या पानावर परत यायचं होतं.

एका क्षणी तिला वाटलं, आपण इथेच थांबावं. तीस वर्षं परक्यांच्या घरातलं खरंखोटं बाहेर काढलं, त्याचं काही वाटलं नाही. हे घर आपलं. पण पाचला कुलूप लागणार होतं, आणि ते गुडघे खरे होते. घरी दिवाणखान्याच्या पायरीवरून वहिनी कशी बसून बसून उतरते ते तिने पाहिलं होतं.

ती उठली आणि खोलीत गेली. पलंगाखाली, गाद्यांखाली, कचऱ्याच्या डब्यात दादा बारावं पान शोधत होता. वहिनी बाल्कनीत कादंबरी मांडीवर ठेवून बसली होती. सकाळपासून एकही पान पुढे सरकलं नव्हतं.

"शोधू नकोस दादा," पंचनामेबाई म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय आपला."

५

"तुझी युक्तीच बघ," ती दादासमोर खुर्ची ओढून बसली. "चष्मा नाही, म्हणजे कोणता कागद ते तुला दिसत नाही. सही कुठे करायची तेही दिसत नाही. मग गिफ्टच्या पावतीवर दर वेळी कशी करतोस?"

"ही दाखवते ना. बोट ठेवते. मी करतो."

"गोडबोल्या म्हणतो, त्याने कागदाला बोटसुद्धा लावलं नाही. मला ते खरं वाटतं. कारण तो तुझ्यापुढे बोट नाचवत बसला असता तरी तू सही केली नसतीस. अकरा वर्षांत तू फक्त एका माणसाच्या बोटाखाली सही केली आहेस."

दादा हसला. हसू निम्म्यावरच विरलं. "काहीतरीच काय बोलतेस!"

"एक सही बाटल्यांची, दोन कराराच्या. घंटा वाजू नये असं एका बाईने सांगितलं, कारण घंटा वाजली असती तर तू विचारलं असतंस, कोणाची? बँकेचा मेसेज ज्या फोनवर येतो तो फोन एकाच माणसाच्या पर्समध्ये असतो. आणि पानांचे कोपरे कोण दुमडतं ते या कादंबरीला विचार."

दादा बायकोकडे बघत होता. अनोळखी माणूस घरात शिरावा तसा बघत होता.

वहिनीने कादंबरी मिटली. "हो," ती म्हणाली. "मीच."

"तू?" दादा म्हणाला. "तू मला फसवलंस?"

"एक शब्द खोटा बोलले नाही. फक्त बोट ठेवलं. तुम्ही विचारलं असतंत, 'कसला कागद आहे गं?' तर सांगितलं असतं. मी वाट बघितली. तिन्ही सह्यांना."

"पण का? तुझे गुडघे..."

"एकोणीस हॉल बघितले मी. प्रत्येक हॉलमध्ये कोणीतरी पोर माझ्याकडे वळून विचारतं, 'मॅडम, तुम्हाला काय वाटतं?' आणि मी काय म्हणायचं ते घरून निघतानाच ठरलेलं. मला प्रवास सोसत नाही. मला समुद्र आवडत नाही. मला घरीच बरं वाटतं." तिचा आवाज चढला नव्हता. "अहो, मला समुद्र आवडतो! लहानपणापासून आवडतो. शुक्रवारी त्या मुलाने विचारलं तेव्हा तुम्ही बशी भरायला गेला होतात. पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आलं, आणि माझ्या मनात आलं, आपलं खरं उत्तर काय आहे ते या घरात कोणाला ठाऊक आहे? तुम्हाला नाही. मलाही आठवेना. तेव्हा म्हटलं, हो. आवडेल. एकदा म्हणून बघितलं."

पंचनामेबाईची नजर तिसऱ्या गादीकडे गेली. फुकटच्या गादीवर तीही तीन रात्री सुखाने झोपली होती, आणि वहिनीला काय आवडतं हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"अर्ज माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाली. "देते. पण आधी मला पाण्यात पाय घालायचेत."

दादाने मनगटाकडे बघितलं. चार वाजून बारा मिनिटं. पाण्यापर्यंत ऐंशी पायऱ्या, आणि वहिनीचे गुडघे. त्याच्या डोक्यात वेळापत्रक फिरताना दिसत होतं. "आधी सही करू गं. पाण्याला कुठे कुलूप लागतंय?"

"हे एकोणीस वेळा ऐकलंय. आधी हॉल, मग पाणी."

दादाने घड्याळाचा पट्टा सोडला, घड्याळ बहिणीच्या हातात ठेवलं आणि बायकोपुढे हात केला. चौतीस वर्षांत ते मनगट उघडं पडलेलं पंचनामेबाईने पाहिलं नव्हतं. तिथली कातडी पांढरीफटक होती.

६

चार वाजून पन्नास मिनिटं. पंचनामेबाई कार्यालयाच्या दारात भावाचं घड्याळ घेऊन उभी होती. व्यवस्थापक टेबलावरचं आवरत होता. गोडबोल्या कोपऱ्यात नखं खात बसला होता.

पंचावन्न. व्यवस्थापकाने खणातून किल्ल्या काढल्या. "मॅडम, मला वाईट वाटतं, पण..."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला आज कळत होतं. पुढच्या महिन्याची ती तारीख, ते ऑपरेशन, सगळं त्या ऐंशी पायऱ्यांवर कुठेतरी अडकलं होतं.

सत्तावन्नाव्या मिनिटाला फरशीवर ओल्या पावलांचा आवाज आला. दादाच्या एका हातात दोघांच्या चपला होत्या आणि दुसऱ्या हाताचा आधार घेऊन वहिनी चालत होती. तिच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत भिजला होता, आणि चेहरा असा की पंचनामेबाईला तिला पटकन ओळखताच आलं नाही.

वहिनीने कादंबरीतून घडी घातलेलं बारावं पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. बोट मात्र ठेवलं नाही.

दादाने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. व्यवस्थापक किल्ल्या वाजवत राहिला, तरी त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढलं. सही केली. मग त्याची नजर शेजारच्या सहीवर गेली. ती आधीच केलेली होती, खाली तारखेसकट.

"ही तर शुक्रवारची तारीख," तो म्हणाला.

"हॉलमध्येच केली. ती केली, पान काढून घेतलं आणि मगच करारावर."

"म्हणजे तुला हे मुळात नकोच होतं? मग तीन दिवस थांबलीस कशाला?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

व्यवस्थापक खाकरला. "साहेब, कारणाचा रकाना राहिला. 'मॅडमना आवडलं नाही' लिहा. सगळे तेच लिहितात."

दादाचं पेन सवयीने कागदाकडे गेलं आणि मधेच थांबलं. त्याने अर्ज फिरवून बायकोपुढे ठेवला, पेन तिच्या हातात दिलं. "तू लिही. खरं काय ते."

वहिनीने सावकाश लिहिलं. 'जागा फार आवडली. विकत घ्यायची नव्हती, बघायची होती.'

शिक्का बसला तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं. पंचनामेबाईने सुस्कारा सोडला आणि घड्याळ भावाच्या पुढे धरलं. त्याचं लक्ष नव्हतं. तो ती ओळ वाचत होता. चष्मा काढून त्याने सदऱ्याला पुसला, परत लावला, परत काढला.

"मला दिसत नाहीये काही," तो म्हणाला. या वेळी ती युक्ती नव्हती.